हार्लेमच्या गायरानावर

गुरुवार

नेदरलँड्समधला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब बघायला निघालो होतो. नकाशात मी फक्त त्याच्या संस्थापकाचं नाव आणि गाव, ‘पिम मुलियर, हार्लेम’, एवढंच टाकलं आणि तिथंच फसलो.

आम्स्टलफेनहून तीनशे नंबरची लाल बस थेट हार्लेमच्या स्टेशनात आणून सोडते. मधे विमानतळ लागतो, एवढीच काय ती गंमत. लेकीनं बजावलं होतं, ‘बाबा, उतरताना कार्ड टेकवायला विसरू नका, नाहीतर जास्तीचे पैसे कापतील.’ कार्ड टेकवलं, उतरलो, नकाशा म्हणाला उत्तरेला चला. चाललो. अर्धा तास विटांच्या घरांमधून, सायकलवाल्यांच्या घंट्या खात चालल्यावर जे मैदान समोर आलं त्याला गोलपोस्टच नव्हते. उंच जाळी, तांबड्या मातीचा पंख्यासारखा पसरलेला भाग, मधे मातीचा छोटा उंचवटा. बेसबॉल! पाटीवर नाव मात्र बरोबर होतं : पिम मुलियर स्टेडियम.

म्हणजे असं, की हार्लेम हे डच बेसबॉलचं मोठं ठाणं आहे. १९६१पासून इथं आंतरराष्ट्रीय बेसबॉल सप्ताह भरत आलाय. आणि ज्या माणसानं या देशाला फुटबॉलचा पहिला क्लब दिला त्याचं नाव यांनी बेसबॉलच्या मैदानाला देऊन ठेवलंय. आमच्याकडं कुस्तीच्या मैदानाला एखाद्या गवयाचं नाव द्यावं तसं. जाळीला नाक लावून पाच मिनिटं उभा राहिलो. एक बाई कुत्रं घेऊन जाताना माझ्याकडं बघून हसली. काय समजायचं ते समजली असेल.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. हे सांगितलं की कोल्हापूरकराला पुढचं सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं क्रिकेट दुसऱ्या नंबरवर. पेठापेठांच्या तालमी, त्या तालमींचे संघ, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, आणि शाहू स्टेडियममध्ये सामना असला की गावातल्या अर्ध्या दुकानांत मालक सापडत नाही. कुस्तीच्या तालमीतून फुटबॉलचा संघ निघतो, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. मी बँकेत तेहतीस वर्षं काढली. त्यातले किती शनिवार-रविवार स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेले याचा हिशोब आमच्या सौभाग्यवतींकडं आहे.

लेक आणि जावई नोकरीपायी आम्स्टलफेनला. आम्ही तीन महिन्यांसाठी आलेलो. जावईबापू भला माणूस. आल्या आल्या म्हणाले, ‘बाबा, तुम्हाला आयाक्स क्लबचं स्टेडियम दाखवतो, तिकिटं काढू का?’ मी म्हणालो, ते बघूच, पण आधी मला इथला सगळ्यात जुना क्लब बघायचाय. ते गप्प झाले. नऊ वर्षं या देशात राहून त्यांना तो माहीत नव्हता. त्यांचा दोष नाही. आयाक्सच्या सावलीत बाकी काही दिसत नाही.

तो क्लब म्हणजे कोनिंक्लेके एचएफसी. कोनिंक्लेके म्हणजे राजमान्य, आणि एचएफसी म्हणजे हार्लेम फुटबॉल क्लब. स्थापना १५ सप्टेंबर १८७९. आपल्याकडचा मोहन बागान १८८९चा, म्हणजे हा त्याच्याहून दहा वर्षांनी थोरला. आणि गंमत म्हणजे हा क्लब व्यावसायिक नाही. हौशी आहे. सभासद वर्गणी भरतात, सभासदच खेळतात, सभासदच चहा करतात.

चुकून शहराच्या उत्तरेला आलोच होतो, म्हणून आणखी एक ठिकाण पायाखाली घातलं. बेसबॉलच्या मैदानापासून जवळच यान गायझनकाडे नावाचा रस्ता आहे, पाण्याच्या कडेनं जाणारा. इथं दुसऱ्या एचएफसीचं स्टेडियम होतं. हो, या गावात एचएफसी दोन. हा दुसरा, एचएफसी हार्लेम, १८८९चा. हा पुढं व्यावसायिक झाला. १९४६मध्ये देशाचा विजेता. नामांकित डच फुटबॉलपटू रूड गुलिट इथूनच वर आला, सोळा-सतरा वर्षांचा असताना. आणि १९८२च्या २० ऑक्टोबरला हा संघ मॉस्कोला स्पार्टाकविरुद्ध युरोपच्या कपात खेळायला गेला होता. कडाक्याची थंडी, बहुतेक प्रेक्षक एकाच बाजूला बसवलेले, आणि सामना संपतासंपता तिथल्या लुझनिकी स्टेडियमच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. सरकारी आकड्यानुसार ६६ माणसं मेली, बहुतेक सगळी कोवळी पोरं. सोव्हिएत सरकारनं ती गोष्ट कितीतरी वर्षं दाबून ठेवली. हार्लेमच्या खेळाडूंनाही मागं काय घडलं हे तेव्हा कळलं नव्हतं.

हा व्यावसायिक एचएफसी २०१०च्या जानेवारीत दिवाळखोरीत निघाला. पैसे संपले, हंगामाच्या मधेच संघ बंद. थोरला, हौशी, वर्गणीवर चालणारा एचएफसी आहे तिथंच आहे. मी बँकवाला. ताळेबंद वाचायची सवय आहे. त्या पाण्याच्या कडेला उभं राहून हा ताळेबंद मात्र मला दोनदा वाचावा लागला.

परतीच्या बसमध्ये झोप लागली. कार्ड टेकवायचं राहिलं. लेक बोलली काही नाही, फक्त बघितलं.

शुक्रवार

आज सौ. बरोबर होत्या. ‘परदेशात येऊन बी फुटबॉलच का?’ असं म्हणत त्यांनी स्वेटरवर स्वेटर चढवला. मी आधी चर्च दाखवतो असं कबूल केलं होतं, म्हणून आल्या.

चर्च खरोखर बघण्यासारखं आहे. चौकातलं सेंट बावो. आत १७३८चा ऑर्गन, पाच हजारांवर नळ्या, वर नक्षी, सिंह, सोनं. दहा वर्षांचा मोझार्ट १७६६मध्ये इथं येऊन हा वाजवून गेला. ‘दहा वर्षांचा?’ सौ.नी दोनदा विचारलं. तेव्हा मी म्हणालो, मी ज्याच्या मागं लागलोय तो पोरगा चौदा वर्षांचा होता. त्यांनी हात जोडले, ऑर्गनला की मला ते माहीत नाही.

चौकातून दक्षिणेला सरळ बाजारपेठ जाते, ग्रोटे हाउटस्ट्राट. हाउट म्हणजे लाकूड, रान. ही वाट पूर्वी गावातून रानाकडं जायची. दुकानं संपली की हाउटप्लाइन नावाचा चौक, त्याच्या पुढं द्रेफ, झाडांची रुंद वाट. डाव्या-उजव्या बाजूला मोठे वाडे. एक तर खरा राजवाडा, वेलगेलेगन. नेपोलियनचा भाऊ लुई हॉलंडचा राजा होता तेव्हा तो इथं उन्हाळ्यात राहायचा. आता तिथं प्रांताचं सरकार बसतं. आणि या राजवाड्याच्या आसपासच्या मोकळ्या जागेला जुनं नाव आहे कूकांप. कू म्हणजे गाय, कांप म्हणजे कुंपण घातलेलं रान.

‘म्हणजे गायरानच की,’ सौ. म्हणाल्या.

मी इतके दिवस त्या शब्दाला मराठी शोधत होतो. यांनी एका दमात दिला.

तर या गायरानावर डच फुटबॉल सुरू झाला. पोरगा होता विलेम योहान हेर्मान मुलियर, घरचं नाव पिम. जन्म १० मार्च १८६५, फ्रीसलंड प्रांतातल्या विटमार्सुम गावचा. खाऊनपिऊन सुखी घर. चौदाव्या वर्षी त्यानं मित्र गोळा करून क्लब काढला. चौदाव्या वर्षी आम्ही पेठेत काय काढत होतो ते इथं लिहीत नाही.

पण इथं एक मेख आहे, आणि हौशी इतिहासकार तिच्यावर तासन्‌तास भांडतात. ही पोरं सुरुवातीला जे खेळत होती ते आजचं फुटबॉल नव्हतंच. ते रग्बी होतं. चेंडू हातात घ्यायचा, धरायचं, पाडायचं, कपडे फाडायचे. रग्बी फार धसमुसळा. १८८३च्या सुमारास त्यांनी तो सोडला आणि पायानं खेळायचा, असोसिएशनच्या नियमांचा खेळ धरला. मग खरा फुटबॉल क्लब कधीचा, १८७९चा की १८८३चा? माझ्या मते हा वाद बिनकामाचा. तालीम आधी कुस्तीची आणि मग फुटबॉलची, म्हणून तालमीचं वय कुणी कमी करत नाही.

गायरानावर झाडं होती. मैदान आखलं तरी झाडं काही हलत नव्हती. घरच्या पोरांना कुठल्या खोडाला चेंडू लागला की कुठं वळतो हे पाठ होतं, आणि पाहुण्या संघाची पंचाईत व्हायची, अशी गोष्ट क्लबच्या जुन्या आठवणींत सांगतात. मला ती लगेच पटली. आमच्या शाळेच्या मैदानात एक चिंच होती. तिच्या बुंध्यावरून घेतलेला पास आम्ही ‘चिंचेचा पास’ म्हणून मोजायचो. नवीन पोरगा बिचारा चेंडूकडं बघत राहायचा आणि चेंडू त्याच्या मागून जायचा.

आज तिथं हिरवळ, ओल्या पानांचा थर, लोखंडी बाक. एका बाकावर एक म्हातारे गृहस्थ डब्यातून ब्रेड खात बसलेले. आम्हीही बसलो. थर्मासमधला चहा काढला. सौ.नी शंकरपाळी आणली होती, लेकीच्या हातची, थोडी कडक झालेली.

मुलियरचं पुढं काय झालं ते त्यांना तिथं बसून सांगितलं. क्लब काढून हा गडी थांबला नाही. १८८९च्या डिसेंबरात त्यानं देशातले क्लब एकत्र करून संघटना उभी केली. फुटबॉल आणि ॲथलेटिक्स, दोन्हींची एकच. आजची डच फुटबॉल संघटना तिथूनच मोजते. तीच संघटना पुढं १९०४मध्ये फिफाच्या संस्थापकांत बसली. म्हणजे चोवीस वर्षांच्या पोरानं संघटना काढली आणि पुढच्या पंधरा वर्षांत ती जागतिक टेबलाला जाऊन बसली.

त्यानं क्रिकेटवर लिहिलं, टेनिसचा प्रचार केला, आणि १८९०च्या डिसेंबरात बर्फ गोठल्यावर फ्रीसलंडमधली अकरा गावं एका दिवसात स्केटिंग करत पालथी घातली. तीच पुढं ‘अकरा शहरांची सफर’ म्हणून प्रसिद्ध झाली. सुमारे दोनशे किलोमीटर. १९०९पासून ती रीतसर भरू लागली, पण बर्फ पुरेसा जाड झाला तरच. शेवटची १९९७च्या जानेवारीत झाली. त्यानंतर तेवढा बर्फच पडला नाही, आणि हे लोक दर हिवाळ्यात कालव्यात बोट घालून बघतात. वारीची तारीख पंचांगात असते, यांची थंडीच्या मर्जीवर.

‘एवढं सगळं एकाच माणसानं?’

‘घरचे पैसे होते,’ मी म्हणालो.

हे खरंच आहे, आणि सांगायला हवं. सुरुवातीचं डच फुटबॉल हे शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या घरांतल्या पोरांचं होतं. इंग्रजी शब्द वापरायचे, इंग्रजी कपडे घालायचे, क्रिकेटही खेळायचे. हार्लेमचाच रूड एन विट क्रिकेट क्लब १८८१चा, अजून आहे. कामगारांच्या हातात फुटबॉल आला तो उशिरा. १९१९मध्ये इथं आठ तासांच्या दिवसाचा कायदा झाला, शनिवारची दुपार मोकळी मिळाली, आणि मग खेळाला माणूस मिळाला. माझ्या आजोबांना गिरणीत शनिवारची दुपार कधी मोकळी मिळाली नाही, त्यामुळं मला या कायद्याचं जास्त अप्रूप.

द्रेफ संपली की हार्लेमरहाउट लागतं, गावाचं जुनं रान. उंच बीच वृक्ष, खोडं हत्तीच्या पायासारखी गुळगुळीत करडी. आत्ता नोव्हेंबरात निम्मी पानं खाली आणि निम्मी वर, तांब्याच्या रंगाची. पावलागणिक चुरचुर, आणि मधेच पाय घसरतो. सौ. माझा दंड धरून चालत होत्या. गेल्या किती वर्षांत असं चाललो नव्हतो.

रानाच्या दक्षिण टोकाला रस्ता आहे स्पान्यार्ड्सलान. स्पॅनिशांची वाट. १५७२च्या डिसेंबरपासून १५७३च्या जुलैपर्यंत स्पॅनिश फौजेनं हार्लेमला वेढा घातला होता. सात महिने. गाव उपाशी मेलं आणि शेवटी शरण गेलं. त्या वेढ्यात हे रानही तुटलं, आजची झाडं नंतरची. पन्हाळ्याचा वेढा आम्ही लहानपणापासून ऐकतो, म्हणून सात महिने म्हणजे काय याचा थोडा अंदाज येतो. शत्रूचं नाव रस्त्याला ठेवायची रीत मात्र मला नवीन होती.

याच रस्त्याला क्लबचं मैदान आहे. १८९९पासून. गायरान सोडल्यावर इथं आले ते आजतागायत इथंच.

फाटक उघडं होतं. माणूस नाही. मी बिचकलो. आपल्याकडं मैदानात शिरायचं म्हणजे आधी वॉचमनची आई-बहीण ऐकायची तयारी. सौ. सरळ आत गेल्या. ‘उघडं हाय की.’

मुख्य मैदान समोर. एका बाजूला छपराखाली बसायची जागा, बाकी तीन बाजूंना कमरेएवढी लोखंडी दांडी, तिला टेकून उभं राहायचं. दांडीच्या खाली जाहिरातींच्या फळ्या. त्यामागं झाडं. बस्स. शाहू स्टेडियमच्या पायऱ्या याच्याहून कितीतरी मोठ्या. मी वाकून गवताला हात लावला. थंड, ओलं, आणि इतकं दाट की बोटं मातीपर्यंत जाईनात. हा प्रकार सौ.नी फोनवर टिपला आणि लगेच लेकीला पाठवला. लेकीचं उत्तर आलं, ‘नमस्कार पण केला का?’

केला होता.

गवताची गाडी चालवणारे एक गृहस्थ मागून आले. पन्नाशीचे, कानात कापूस. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, भारतातून आलोय, जुना क्लब बघायला. त्यांनी गाडी बंद केली, हातमोजा काढला, हात मिळवला आणि म्हणाले, उद्या या, उद्या पोरं असतात. आज फक्त गवत आहे.

घरी आल्यावर जावईबापूंना क्लबचे विजय सांगितले. १८९०, १८९३ आणि १८९५ साली देशात पहिला नंबर. देशाचा कप तीनदा : १९०४, १९१३, १९१५. त्यानंतर मोठं काही नाही. ‘म्हणजे शंभर वर्षांत काहीच जिंकलं नाही?’ त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पण १९५४पर्यंत या देशात व्यावसायिक फुटबॉल नव्हतंच. पैसे घेऊन खेळायचं असेल तर फ्रान्सला किंवा इटलीला जायचं, आणि गेलात की राष्ट्रीय संघाचं दार बंद. १९५३मध्ये समुद्राचे बांध फुटून महापूर आला, अठराशेच्या वर माणसं मेली. तेव्हा परदेशात पैशासाठी खेळणाऱ्या या वाळीत टाकलेल्या पोरांनी पॅरिसला पूरग्रस्तांसाठी सामना खेळला आणि फ्रान्सला २-१ हरवलं. त्यानंतर संघटनेला फार काळ नाही म्हणता आलं नाही. पुढच्याच वर्षी पैसा आला. काही क्लब पैशाबरोबर गेले. हा नाही गेला.

१९५९मध्ये ऐंशी वर्षं झाल्यावर क्लबला ‘कोनिंक्लेके’ ही राजघराण्याची पदवी मिळाली. जावईबापू म्हणाले, उद्या मीही येतो.

शनिवार

तिघे निघालो : मी, जावईबापू आणि नातू. नातू नऊ वर्षांचा, मराठी बोलतो पण रागावला की डच. तो आम्स्टलफेनच्या क्लबात खेळतो, त्यामुळं त्याला या सगळ्यात नवल काहीच नव्हतं. ‘आजोबा, सगळे क्लब सेमच असतात.’

साडेनऊला पोचलो तेव्हा मैदानाची जत्रा झालेली. काल जिथं एक गवताची गाडी होती तिथं आज शेकडो सायकली. मागच्या मैदानांवर बारकी पोरं. सात-आठ वर्षांची पोरं पूर्ण मैदानावर खेळतच नाहीत. मैदानाचे चार भाग करतात, एका भागात सहा विरुद्ध सहा. चेंडू बाहेर गेला तर हातानं फेकायचा नाही, पायानं ओढत आत आणायचा. त्यामुळं खेळ थांबत नाही, आणि प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो. आमच्याकडं बावीस पोरं पूर्ण मैदानात सोडतात आणि सगळी एका चेंडूमागं मोहोळासारखी पळतात. बाकीच्या जागेत म्हशी चरल्या तरी चालतील. हे मी परत गेलो की तालमीत सांगणार आहे. ऐकतील असं नाही.

पंच म्हणून सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी. शिट्टी गळ्यात, गालावर थंडीनं लाली. ती याच क्लबात खेळते, सकाळी बारक्यांचा सामना चालवते, दुपारी स्वतः खेळते. एका बापानं कडेवरून काहीतरी ओरडून सांगितलं. ती खेळ न थांबवता त्याच्याकडं वळली आणि ओठांवर बोट ठेवलं. बाप गप्प. मी बाप असतो तर मीही गप्प झालो असतो.

मोठा संघ त्या दिवशी बाहेरगावी खेळायला गेलेला. हे मी आधी बघायला हवं होतं, पण मैदानाचं वेळापत्रक डचमध्ये आणि माझा उत्साह मराठीत. हा मोठा संघ देशातल्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो. वरच्या दोन श्रेणी व्यावसायिकांच्या, त्याखालची ही. २०१६मध्ये ती नव्यानं सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षापासून हा क्लब तिच्यात आहे. म्हणजे हौशी म्हणून कुणी हलक्यात घेऊ नये. जावईबापूंना वाईट वाटलं, मला नाही. बघायचं ते समोर चालू होतं.

अकराच्या सुमाराला चहाघरात शिरलो. इथं त्याला कांटीन म्हणतात. काउंटरमागं दोन आया आणि एक सत्तरीचे आजोबा, तिघेही सभासद, आज त्यांची पाळी. पगार नाही. रोख पैसे चालत नाहीत, फक्त कार्ड. मी क्रोकेट घेतला, पावात घालून, वर पिवळी मोहरी. वरून कुरकुरीत, आत मांसाचा दाट रस्सा गोठवून तळलेला असतो आणि तो लाव्ह्यासारखा तापलेला. पहिल्या घासाला टाळू भाजला. दुसऱ्या घासाला कळलं, की हा बटाटेवड्याचा चुलतभाऊ आहे, पण तिखटाचा हिस्सा वाटणीत भावालाच गेला.

भिंतीवर जुने फोटो. मिशा, छातीवर हात बांधलेले, पायघोळ चड्ड्या. काउंटरवरचे आजोबा मी फोटो बघतोय हे बघून बाहेर आले. मी विचारलं, तुम्ही किती वर्षं सभासद? ते म्हणाले, आठव्या वर्षापासून. मग हिशोब केला आणि म्हणाले, बासष्ट. वडीलही होते. नात आत्ता बाहेर खेळतेय, ती बघा, निळ्या-पांढऱ्या कपड्यांत, केस बांधलेली.

त्यांनी नव्या वर्षाच्या सामन्याबद्दल सांगितलं. १९२३पासूनची रीत. जानेवारी उजाडला की या मैदानावर क्लबचा संघ आणि देशाकडून खेळून निवृत्त झालेले खेळाडू यांचा सामना होतो. विश्वचषकात खेळलेली माणसं, पोट सुटलेली, गुडघे गेलेली, इथं येऊन क्लबाच्या पोरांबरोबर पळतात. थंडी, वाटाण्याचं दाट सूप, गर्दी.

‘आणि जिंकतं कोण?’

‘सूप,’ आजोबा म्हणाले.

मी त्यांना आमच्या तालमींबद्दल सांगितलं. कुस्तीचा हौद आणि फुटबॉलचा संघ एकाच संस्थेचा, हे ऐकून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, आम्हीही सुरुवातीला एकमेकांना पाडतच होतो. रग्बीचा इतिहास त्यांना चांगला ठाऊक होता.

दुपारी चौदा वर्षांखालच्या मुलांचा सामना होता, यावेळी पूर्ण मैदान, अकरा विरुद्ध अकरा. मी मुद्दाम थांबलो. चौदाचं वय मला बघायचं होतं. कुणी एकदम उंच वाढलेला, पाय कुठं ठेवावेत ते न कळणारा. कुणी अजून लहान, गोलकीपरच्या कोपरापर्यंतच. एकाच्या ओठावर मिशीची रेघ. यांच्यातल्या एकानं उद्या सकाळी मित्रांना जमवून काही काढलं आणि ते दीडशे वर्षं टिकलं, अशी कल्पना करून बघितली. तेवढ्यात तो मिशीवाला चेंडू हुकवून सपशेल आडवा पडला आणि दोन्ही संघ हसले. तोही हसला.

झेंडे पालकांच्या हातात, प्रत्येक बाजूचा एक. ऑफसाइडवरून दोन बाप एकमेकांकडं बघत होते, पण भांडण नाही. मध्यंतराला चहाची किटली आणि लाल सरबत. घरच्या संघानं पाहुण्यांना आधी दिलं. सामना संपल्यावर सगळ्यांनी रांगेनं हात मिळवले. जावईबापू दांडीला टेकून पूर्ण वेळ उभे होते, फोन खिशात. हे मी लिहून ठेवतो, कारण लेकीला पुरावा लागेल.

नातू मात्र गायब. शोधला तर मागच्या बाजूला, झाडांखाली, चार डच पोरांबरोबर वर बघत उभा. चेंडू बीचच्या झाडात अडकला होता. दोन फांद्यांच्या बेचक्यात, दोन पुरुष उंचीवर. दुसरा चेंडू मारून पहिला पाडायचा बेत चाललेला. दुसराही जवळजवळ अडकला होता, नशिबानं खाली आला.

‘दगड मारा,’ मी म्हणालो. नातवानं डचमध्ये सांगितलं. पोरं घाबरून माझ्याकडं बघायला लागली. दगड नाही चालत इथं, हे लक्षात आलं.

‘मग बूट मारा. कैरी पाडतो तसा.’

हे मात्र पटलं. एका पोरानं लगेच उजवा बूट काढला. मी त्याला नेम दाखवला, फांदीच्या बुडाला, चेंडूला नाही. पहिला बूट खोडाला लागून खाली. दुसऱ्यांदा फांदी हलली, पानांचा सडा पडला, आणि चेंडू टपकन खाली आला. पोरं ओरडली. नातवानं मला टाळी दिली, आमच्या पेठेतली, हात मागं नेऊन.

बूट खाली आला नाही. चेंडू होता त्याच बेचक्यात जाऊन बसला, खिळे वर करून.

पोरगा एका पायात बूट, एका पायात ओला मोजा घालून कांटीनकडं लंगडी घालत गेला. काउंटरवरचे आजोबा बाहेर आले, झाडाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि शिडी आणायला गेले.